दहा किलोमीटरची पहिली शर्यत: पहिली सोळा मिनिटं जपा

पत्र: वय ४३, राहते वाडीत. दोन वर्षं रोज सकाळी कमाटीबागेत चालते, गेले सहा महिने आठवड्यातून तीनदा धावतेही. आता ६ किलोमीटर न थांबता ४६ मिनिटांत होतात. मुलीने परस्पर माझं नाव जानेवारीअखेरच्या १० किलोमीटरच्या शर्यतीत घातलंय. पाच आठवडे उरलेत. शर्यत मी जवळून कधी पाहिलेलीही नाही. गर्दीत उभं कुठे राहायचं, काय खाऊन जायचं, मध्ये चालले तर बाद करतात का? नणंद म्हणते, "शेवटची आलीस तर पेपरात फोटो येईल." खरं सांगायचं तर भीती तीच आहे.
(एक वाचक, वाडी, बडोदा)

उत्तर:

नणंदेपासून सुरुवात करू. किलोमीटरला ७ मिनिटं ४० सेकंद हा तुमचा वेग आहे. शहरातल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत या वेगाने शेवटचा नंबर लागत नाही. तुमच्यामागे गप्पा मारत चालणारे असतील, पहिल्या तीन किलोमीटरांत दम संपवून बसलेले तरुण असतील, दर चौकात सेल्फी काढणारे ग्रुप असतील. चाललात म्हणून कोणी बाद करत नाही. बाद होतं ते ठरलेल्या वेळेनंतर पोहोचल्यावर. त्याला कट-ऑफ म्हणतात. नोंदणीच्या ईमेलमध्ये किंवा नियमांच्या पानावर तो दिलेला असतो, आजच बघून ठेवा. दीड तासाचा असला तरी तुम्ही निवांत आत येता.

फोटोचा प्रश्न मिटला. आता ज्याची भीती वाटायला हवी त्याबद्दल. पहिली शर्यत बिघडते ती शेवटच्या किलोमीटरात नाही, पहिल्या दोनांत. थकवा शेवटी जाणवतो म्हणून चूकही तिथेच झाली असं वाटतं, एवढंच.

असं होतं: पहाटेचा गारवा, हजारोंची गर्दी, मोठ्याने वाजणारं संगीत, शिवाय शेवटच्या आठवड्यात कमी धावल्यामुळे पाय ताजे. हॉर्न वाजतो आणि आजूबाजूचे सगळे सुटतात. शरीरात अ‍ॅड्रेनलिन चढलेलं असतं, त्यामुळे नेहमीपेक्षा जोरात धावूनही जोर लावतोय असं वाटत नाही. किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंदांचा वेगही त्या वेळी हलका वाटेल. पण त्या वेगात तुमच्या स्नायूंना लागतो तेवढा प्राणवायू पुरत नाही, साठवलेली साखर भराभर जळते, आणि पाचव्या-सहाव्या किलोमीटरला मांड्या दगडासारख्या होतात. हिशोब मांडून बघा. पहिले दोन किलोमीटर ६:४० ने, पुढचे चार ८ मिनिटांनी, शेवटचे चार रखडत ९ मिनिटांनी: एकूण १ तास २१ मिनिटं २० सेकंद. आता उलट करा. पहिले दोन ८:१० ने (म्हणजे १६ मिनिटं २० सेकंद), मधले पाच ७:५० ने, शेवटचे तीन ७:३० ने: एकूण १ तास १८ मिनिटं. तीन मिनिटांहून जास्त वाचली, आणि शेवटच्या किलोमीटरात तुम्ही लोकांना मागे टाकत येता. पहिल्या शर्यतीत यासारखं सुख नाही.

घड्याळ नसेल तर बोलण्याची कसोटी वापरा. पहिल्या दोन किलोमीटरांत शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "पुढे पाणी कुठं आहे हो?" एवढं एका दमात निघत नसेल, तर वेग जास्त आहे. तिसऱ्या ते सातव्या किलोमीटरात तीन-चार शब्दांचे तुकडे चालतील. शेवटच्या तीनांत बोलणं बंद झालं तरी हरकत नाही.

याच कारणाने सुरुवातीच्या रेषेजवळ उभ्या राहू नका. पेसर, म्हणजे ठरावीक वेळेचा फलक किंवा झेंडा घेऊन धावणारे, असतील तर ८० मिनिटांच्या पेसरच्या आसपास थांबा. नसतील तर गर्दीच्या मागच्या तिसऱ्या भागात. मागे उभं राहून वेळ वाया जात नाही. तुमच्या बिबच्या मागे, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागे, एक चिकटपट्टीसारखी चिप असते. सुरुवातीच्या रेषेवर आणि शेवटी जमिनीवर पसरलेल्या पट्ट्यांमधून रेडिओ लहरी येतात आणि तुमची चिप त्यांवरून गेली की तिची नोंद होते. तुम्ही रेषा ओलांडता त्या क्षणापासून तुमचा वेळ सुरू. हॉर्नपासून मोजतात तो गन टाइम वेगळा. प्रमाणपत्रावर बहुतेक दोन्ही छापलेले असतात, तुम्ही चिपचा बघायचा.

पण ही चिप वाचली जावी म्हणून बिब नीट लागलेलं हवं. चारही कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना, समोर, पोटाच्या वरच्या भागावर. घडी घालू नका, घडीत चिपची बारीक तार तुटते. पाठीवर लावू नका, बिबवर फोनचा पट्टा किंवा जॅकेट येऊ देऊ नका. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहायला जागा असते, ती बॉलपेनने भरा. शाईपेन घामाने पसरतं.

बिब आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी घ्यावं लागतं. ओळखपत्र आणि नोंदणीचा ईमेल सोबत ठेवा. मुलगी घ्यायला जाणार असेल तर तुमच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत बहुधा मागतात. पिशवीत टी-शर्ट मिळेल. तो नवा टी-शर्ट घालून शर्यतीला जाऊ नका. सगळे जातात, आणि सातव्या किलोमीटरला काखेत आणि गळ्याशी शिवण घासून कातडी सोलवटते. ज्या कपड्यांत किमान तीन-चार वेळा धावलात, तेच घाला. काख, मांड्यांच्या आतला भाग, स्पोर्ट्स ब्राची पट्टी जिथे टेकते ती जागा आणि पायाची बोटं यांना व्हॅसलिनचा पातळ थर लावा. मोजे सुती नकोत, घाम धरून फोड आणतात. बूट नवे घ्यायचेच असतील तर याच आठवड्यात घ्या, म्हणजे शर्यतीपर्यंत ४०-५० किलोमीटर त्यांत होतील. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाएवढी जागा राहिली पाहिजे. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. खोल कापलं गेलं तर भरायला वेळ मिळत नाही.

पाच आठवड्यांचं म्हणाल तर ६ किलोमीटर धावणाऱ्याला १० साठी फार काही करावं लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस धावा, त्यातला एक दिवस लांबचा: पहिल्या आठवड्यात ७ किलोमीटर, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात पुन्हा ८, चौथ्यात ६. शर्यतीआधी १० धावून बघण्याची गरज नाही. शेवटच्या आठवड्यात ५, ३ आणि दोन दिवस आधी २ किलोमीटर, सगळं हळू. बाकीच्या दिवशी बैठका, दहा-बाराच्या तीन फेऱ्या. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या शहरात बैठका कशा मारायच्या हे आम्ही शिकवणं बरं दिसत नाही. मात्र शेवटचे दहा दिवस त्याही बंद.

एक बदल मात्र कराच. कमाटीबागेतला रस्ता सपाट आणि सावलीचा आहे, शर्यत मोकळ्या डांबरावर असते. आठवड्यातून एकदा पहाटे, वाहनं वाढण्याआधी, अकोटा-दांडिया बाजार पुलावरून धावा. चढावर पावलं आखूड करा, नजर पायाखाली नको, दहा पावलं पुढे ठेवा. वेग पडला तरी चालेल, श्वास तोच ठेवा. खाली विश्वामित्री नदीत मगरी, वर चढ. पुलावरून धावणाऱ्याने दोन्हींची भीती बाळगू नये. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी दोन्ही कडांकडे उतार दिलेला असतो. सतत कडेने धावलं तर एक पाय जरा खाली पडत राहतो, आणि गुडघा किंवा कमरेची एक बाजू दुखायला लागते. शर्यतीत रस्ता बंद असतो, तेव्हा मधून धावा.

जानेवारीतल्या सरावात आणखी एक गोष्ट: उत्तरायण. १४ तारखेनंतर आठवडा-दोन आठवडे झाडांवरून, विजेच्या खांबांवरून मांजा लोंबत राहतो आणि अंधारात दिसत नाही. काच लावलेला दोरा गळ्याला लागला तर खोल कापतो. त्या दिवसांत उजाडल्यावरच धावा, गळ्याभोवती बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) किंवा पातळ रुमाल गुंडाळा. आणि संक्रांतीच्या उंधियू-जिलेबीचा हिशोब धावून फेडायचा विचार करू नका. शर्यत जवळ आली की जास्तीचे किलोमीटर फक्त पाय थकवतात.

खाण्याचं सोपं आहे. आदल्या रात्री साडेसातपर्यंत वरण-भात, बटाट्याची साधी भाजी, थोडं दही. उंधियू, सेव-उसळ, कच्ची कोशिंबीर, कडधान्यं नकोत. तिखट तर्री आणि चोथा धावताना पोटात हलतो आणि सकाळी रांगेत उभं करतो. शर्यत साडेसहाला असेल तर साडेचारपर्यंत खाऊन घ्या: केळं आणि ब्रेडचे दोन स्लाइस जॅम लावून, किंवा गुळाबरोबर एक पोळी, तूप न लावता. रोज चहा घेत असाल तर घ्या. त्या दिवशी सोडलात तर डोकं दुखेल. पाणी उठल्यावर मोठा ग्लासभर, म्हणजे ३०० मिली, मग सुरुवातीच्या अर्धा तास आधीपर्यंत घोट-घोट. लिटर-लिटर पाणी पिऊन येणारे दरवर्षी दिसतात. त्यांचा एक पाय शौचालयात असतो, आणि अति पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, फार वाढल्यास भ्रमही होतो. हा नाश्ता सरावाच्या लांबच्या दिवशी किमान दोनदा खाऊन बघा. पोटाला नवी गोष्ट शर्यतीच्या दिवशी देऊ नका.

आदल्या रात्री झोप लागणार नाही. त्याने काही बिघडत नाही, त्याच्या आदल्या रात्रीची झोप कामाला येते. शर्यत रविवारी असेल तर शनिवारी नाही लागली तरी चालेल, शुक्रवारी मात्र लवकर झोपा.

सकाळी मैदानावर किमान तासभर आधी पोहोचा. नवलखीसारख्या मोठ्या मैदानावर शर्यत असेल तर आजूबाजूचे रस्ते आधीच बंद केलेले असतात आणि रिक्षावाला अर्ध्यावर सोडतो. शेवटचा एक किलोमीटर चालत जायची तयारी ठेवा. पोहोचताच पहिलं काम शौचालयाची रांग. वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, आणि बायकांची रांग लांबच असते. टिश्यू स्वतःचे न्या, आतले संपलेले असतात. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर लागणारं सगळं आधी धावून तपासलेलं असू द्या, आणि एक जास्तीचं बॅगेत.

बॅग जमा करण्याची खिडकी सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होते. तिच्यात कोरडा टी-शर्ट, चप्पल आणि शाल ठेवा. फोन आणि दागिने ठेवू नका.

मग मंचावर झुंबा सुरू होतो. पाच मिनिटं हात-पाय हलवा आणि बाजूला व्हा. वीस मिनिटं नाचून शर्यतीला उभे राहणारे आधीच घामाने भिजलेले असतात. तुम्हाला लागतं ते इतकंच: दहा मिनिटं झपझप चालणं, मधे दोनदा मिनिटभर हळू धावणं, घोटे आणि नितंब गोल फिरवणं. ताणून धरायचे व्यायाम धावण्यानंतर. जानेवारीअखेर बडोद्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुमचा निम्मा रस्ता अंधाराचा. गतिरोधक दिसत नाहीत. पुढचे लोक अचानक उड्या मारताना दिसले की तिथे गतिरोधक आहे समजा.

हॉर्न वाजल्यावर तीन-चार मिनिटं जागचं हलता येणार नाही, मग चालत, मग ढकलत पुढे. या वेळी माणसांमधून वाट काढत डावी-उजवी करू नका, त्यात ताकद जाते आणि पाय अडकतात. कोपर थोडे बाहेर ठेवा आणि गर्दी उलगडू द्या. रस्त्याच्या कडेला ढोल आणि गरब्याचं पथक असलं की पाय आपोआप तालावर जातात. बडोद्यात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या पायांना हे वेगळं सांगायला नको. हात हलवा, हसा, वेग तोच ठेवा.

पाण्याचे टेबल साधारण दर दोन-अडीच किलोमीटरवर असतात. पहिल्या टेबलाशी झुंबड असते, शेवटचं मोकळं असतं, तिथे जा. अचानक थांबू नका, मागचा अंगावर येतो. हात वर करून कडेला या, पेला घेऊन तो वरून चिमटा. तोंड अरुंद होतं आणि पाणी नाकात जात नाही. दहा पावलं चालत दोन-तीन घोट प्या, पेला पिंपात टाका, मग धावा. दर टेबलावर साधारण १०० मिली पुष्कळ झालं. टेबलाजवळची जमीन ओली असते, आणि पुढे केळी ठेवलेली असतील तर सालींकडे लक्ष द्या. जेल, इलेक्ट्रोलाइट, चिक्की असं जे हातात देतील ते घ्यायलाच हवं असं नाही. सव्वा तासाच्या थंडीतल्या धावण्याला पाणी पुरतं.

घड्याळ शेवटी १०.१ किंवा १०.२ किलोमीटर दाखवेल आणि शेजारी कोणीतरी म्हणेल, "आयोजकांनी जास्त पळवलं." बहुतेक वेळा तसं नसतं. नीट मोजलेला मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या मोजणी यंत्राने आणि वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून मोजतात, म्हणजे शक्य तितक्या आखूड रेषेवरून. तो कमी भरू नये म्हणून वर हजारात एक मिळवतात, दहा किलोमीटरला १० मीटर. तुम्ही सर्कलला बाहेरून वळसा घालता, पाण्यासाठी कडेला जाता, घड्याळही थोडं चुकतं. म्हणून वळण दिसलं की पुढच्या आतल्या कोपऱ्याकडे सरळ रेषेत जा, आणि वेग घड्याळावर नाही, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकांवर मोजा.

सहाव्या ते आठव्या किलोमीटरात मन म्हणेल की बास झालं. शरीर खरोखर थकलेलं असतंच, शिवाय सुरुवातीची गंमत संपलेली असते आणि शेवट दिसत नसतो. तिथे एक मिनिट चाला, खुशाल. ठरवून चाललात तर अजून बरं: नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट झपझप चालणं. चालताना कडेला रहा.

कुशीत कळ आली तर वेग कमी करा, कळ येते ती जागा बोटांनी दाबा आणि श्वास लांब सोडा. पोटरीत गोळा आला तर थांबून टाच जमिनीवर टेकवून ताणा. हे दोन्ही त्रास मिनिटभरात सुटतात. ज्यांकडे दुर्लक्ष करू नये ते वेगळे: छातीत दाब किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, चक्कर, घाम थांबून अंगावर काटा येणं, एकाच ठिकाणी टोचणारं हाडाचं दुखणं. यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबा, जवळच्या स्वयंसेवकाला सांगा, तेही सापडत नसतील तर १०८. तुमचं वय चाळिशीच्या पुढचं आहे. रक्तदाब, साखर किंवा घरात लहान वयातला हृदयविकार असेल तर या पाच आठवड्यांतच डॉक्टरांना दाखवा, ते लागलं तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट सांगतील. शर्यतीच्या आठवड्यात ताप आला तर नाव घातलं म्हणून धावू नका. सकाळी "दुखू नये म्हणून" गोळी घेऊन येण्याची पद्धत आहे. ब्रुफेनसारख्या गोळ्या धावताना कमी झालेल्या पाण्याबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतात. ती घेऊ नका.

शेवटच्या दोनशे मीटरांत लोक ओरडतील. धावा, पण रेषेवर थांबू नका, घड्याळ बंद करायला मान खाली घालू नका. फोटो नेमका तिथे काढतात आणि डोक्याचा शेंडा येतो. रेषेनंतर पाच-सात मिनिटं चालत रहा. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की ते पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मग पदक, केळं, मीठ घातलेली छास, आणि कपडे बदला. ओल्या कपड्यांत दहा मिनिटांत कुडकुडाल. घरच्यांना "फिनिशला भेटू" सांगू नका, तिथे हजार माणसं असतात. मैदानाचं एखादं फाटक किंवा ओळखीचं झाड आधी ठरवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतील, ते अपेक्षित आहे. थोडं चाला, तीन-चार दिवस धावू नका. निकाल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी लिंकवर येतो. त्यात तुमच्या वयोगटातला क्रमांक असेल, आणि त्याच्या खाली किती नावं आहेत तेही. नणंदेला तोच स्क्रीनशॉट पाठवा.